कोकराला हाक मारायची नाही

"...म्हणजे करंजखोरं वाकणगडचं नाही, असं म्हणायचंय तुम्हांला?" वाकणगडचे सरदार सिदोजीराव तडकले.

मिरांशा फकिरांनी समोरच्या मेंढ्यांकडे नजर वळवली.

सरदारांचं डोकं तापलं. त्यांचे वडील याच खोऱ्यासाठी सोनतळ्याच्या राजाशी लढताना पडले होते. आता पुन्हा घाटाच्या दोन्ही अंगांना फौजा उभ्या. फकीर सांगतील ते ऐकू, एवढ्यावर दोन्ही राजे कसेबसे थांबलेले. आणि हा म्हातारा आपला गप्प!

"बाबा, बोला की काहीतरी!"

"बस. आधी त्यांचं मिटू दे."

समोर दोन धनगर होते. वाकणगडचा खेमा आणि सोनतळ्याचा धुळा. चरताना कळप मिसळले आणि एकाच कोकरावर दोघांनी हक्क सांगितला. अशा वेळची त्यांची रीत ठरलेली. दोघांच्या मेंढ्या दोन बाजूंना, कोकरू मधे, आणि माणसांनी हाताची घडी घालून गप्प बसायचं. कोकरू ज्याच्या मेंढीकडे जाईल, त्याचं.

कोकरू सोडलं. ते मधेच घुटमळलं...

सरदारांना कुठला धीर! खेमा आपल्या राज्यातला. त्यांनी मूठभर पाला ओरबाडला आणि हलवत ओरडले, "ये, ये, इकडे ये!"

"अहो सरकार!" खेमानंच कपाळावर हात मारला. "हाक नाही मारायची! काय हे लहान पोरासारखं!"

फकीर पोट धरून हसले. सरदार ओशाळले. मग मुकाट हाताची घडी घालून बसले. जन्मात पहिल्यांदाच म्हणा ना!

कोकरू पुन्हा मधे आणलं. ते जरा वेळ हुंगत राहिलं... आणि थेट धुळाच्या मेंढीच्या कासेला जाऊन भिडलं.

"घ्या, आई सापडली लेकराला!" खेमा हसत उठला आणि त्यानं धुळापुढे तंबाखूची चंची धरली.

सरदार बघतच राहिले. का कोण जाणे, पण त्यांना फार बरं वाटलं.

"बाबा... या खोऱ्यातल्या माणसांना, तुम्ही कुणाचे, हे आजवर कुणी विचारलंच नाही."

"नाही."

"मग विचारू. फौज मागे घ्यायला मी सांगतो महाराजांना." ते उठले, आणि तिथंच अडखळले. "पण ती माणसं सोनतळ्याकडे गेली तर? आमचे वडील इथं..."

फकिरांनी खेमाकडे बोट दाखवलं.

"त्याला विचार, त्याच्या कळपातलं काय कमी झालं ते."