हीटरची माया

गोष्ट फार जुनी नाही, पण ती घडली त्या काचेच्या टाकीत आता ती आठवायला कुणी उरलेलं नाही. टाकीत समुद्राचं खारं पाणी होतं, लाल-जांभळी पोवळी होती आणि एक केशरी मासा होता. पाण्याला ऊब द्यायचं काम हीटरचं. काचेला चिकटलेला म्हातारा थर्मामीटर "पुरे" म्हणाला, की हीटर विझायचा.

एका हिवाळ्यात मात्र तो विझेना. "काका, लेकरं गारठतील. माया काय मोजून करायची असते?"

"इथं मोजूनच करायची असते, बाबा. माझ्याकडे बघ जरा."

हीटरने बघितलं नाही. हळूहळू पोवळ्यांचा रंग निघून गेला आणि ती हाडांसारखी दिसू लागली.

"थंडीनं पांढरी पडलीत," म्हणत हीटर आणखी तापला.

केशरी मासा तोंड उघडं टाकून वर आला आणि आडवा झाला.

"झोप लागली वाटतं त्याला," हीटर म्हणाला.

"आता बरं वाटतंय ना, पोरांनो?" हीटरने मायेनं विचारलं.

कुणीच उत्तर दिलं नाही.

"अजून काकडताहेत बिचारी," तो पुटपुटला, आणि त्याने आणखी ऊब सोडली.