ओसाड जमिनीचा साक्षीदार

पाऊस सुरू व्हायच्या आत कापमोई गाव रिकामं करा, असा हुकूम घेऊन ब्रॅडवेल साहेब शिपायांसकट गावात उतरला. पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातली ती कसदार माती त्याला चहाच्या मळ्यासाठी हवी होती. गावाने उठून खालच्या रुक्ष माळावर जायचं, जिथे माशा चावून गुरं मरत. कायदा सोपा होता: ओसाड जमीन सरकारची, आणि सरकार ती गोऱ्या मळेवाल्याला देणार. आपण आलो तेव्हा इथे चिटपाखरूही नव्हतं, असं ब्रॅडवेलने सरकारला कळवलं होतं. जाताना त्याने दोन झोपड्याही पेटवल्या.

गावकरी गव्हर्नरच्या कचेरीत गेले. गव्हर्नर हट्टी, पण गमत्या. काळ्या माणसाची साक्ष इथे चालत नाही, तो म्हणाला. ब्रॅडवेलच्या आधी तिथे वस्ती होती असं शपथेवर सांगणारा एक गोरा आणा, हुकूम फाडून टाकतो. कचेरीत हशा पिकला. म्हातारी मंडळी मान खाली घालून वळली.

जळालेल्या एका झोपडीतली जेरोतिच, शेतकऱ्याची पोर, जागची हलली नाही.

"गोरा आणलाय," ती म्हणाली. "तो काय, तुमच्या शेजारच्या खुर्चीत."

दुभाष्याने तिला पुन्हा विचारून मगच ते सांगितलं. त्या खुर्चीत बसलेल्या ब्रॅडवेलने हसत हसत शपथ घेतली. साहेब पहिल्यांदा त्या डोंगरात कसे आले, एवढंच तिने विचारलं. ब्रॅडवेलची छाती फुगली. जंगलात ताप चढला, हमाल पळाले, आपण एकटेच झाडाखाली पडलो, हे त्याने रंगवून सांगितलं.

"शुद्धीवर आलो तो एका उबदार झोपडीत. कुणीतरी मला नाचणीची पेज पाजत होतं."

"झोपडी कुणाची, साहेब?"

ब्रॅडवेलचा चेहरा लालबुंद झाला.

"ओसाड जमिनीचीच असणार," जेरोतिच म्हणाली. "आमची ओसाड जमीन फार मायाळू. आजाऱ्याला खांद्यावर घालून आणते, नाचणी पेरते, दळते, आणि पेज फुंकून फुंकून पाजते."

गव्हर्नर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याने हुकूम फाडला आणि पोरीला बक्षीस माग म्हणाला. तिने दोन झोपड्या मागितल्या, ब्रॅडवेल साहेबाच्या हातच्या.

ब्रॅडवेलने त्या बांधल्या. पहिल्या सरीला छप्पर गळलं, तेव्हा जेरोतिचच्या आईने त्याला पुन्हा वर चढवलं.