दुरुस्त तारेवरची दुपटी

विषय : दूरध्वनीच्या तारेवर दुपटी वाळत घातल्याबाबत.
संदर्भ : श्रीमती इंदूताई मयेकर, कातळवाडी, यांची तक्रार व त्यानंतरचा अर्ज.

वादळात फणसाची फांदी मोडली आणि इंदूताईंच्या फोनची व इंटरनेटची तार खांबावरून तुटून थेट अंगणात आली. वाडीत मोबाइल लागत नाही, आणि तिकडे मस्कतला लेकीचे दिवस भरत आलेले. इंदूताईंनी तक्रार केली. कार्यालयाने खुर्चीवरून न उठता 'लाइन दुरुस्त' असा शेरा मारून ती निकाली काढली.

इंदूताईंनी वाद घातला नाही. त्यांनी ती तार दोन माडांना ताणून बांधली, नातवंडासाठी शिवलेली दुपटी तिच्यावर वाळत घातली आणि तसे कार्यालयाला स्वतःच चिठ्ठी पाठवून कळवले. तक्रारीला न आलेली जीप तासाभरात दारात उभी राहिली.

"अहो बाई, आमची तार म्हणजे काय कपड्यांची वलण वाटली? दंड भरावा लागेल!" जीपमधून उतरलेले कार्यालयाचे दातीरसाहेब गरजले.

"तुमची तार तर दुरुस्त होऊन खांबावर चढली, साहेब. शेरा तुमच्याच सहीचा आहे. मग ही खाली पडलेली कुणाची?"

"ही आमचीच!"

"तसं लिहून द्या. दुपटी लगेच काढते."

साहेबांनी एकदा दुपट्यांकडे पाहिले, एकदा रिकाम्या खांबाकडे, आणि लाइनमनला शिडी लावायला सांगितले. संध्याकाळी त्याच तारेवरून नात झाल्याची बातमी आली.

दुपटी वाळवायची सोय कार्यालयाने काढून नेली, सबब वलणीसाठी दोरी पुरवावी, असा इंदूताईंचा अर्ज आहे. तो अद्याप प्रलंबित आहे.