झाकलेल्या दोन वाट्या

एकदा एक वृद्ध डॉक्टर सकाळचा दवाखाना आटोपून चहा घेत होते. एवढ्यात गावातले एक धान्याचे व्यापारी आनंदाची वार्ता घेऊन आले.

"सुनेला सातवा लागला. उद्या डोहाळजेवण. यायचं हं!"

"इतके दिवस तपासायला नाही आणलीत?"

"तपासायचं काय त्यात? ठणठणीत आहे. जरा पाय सुजतात, डोकं दुखतं. बायकांचं चालायचंच."

दुसऱ्या दिवशी निघताना डॉक्टरांनी रक्तदाबाचे यंत्र पिशवीत टाकले.

"सर, आपण जेवायला चाललोय ना?" त्यांच्या हाताखाली शिकणारा शिष्य म्हणाला.

सून फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर बसली होती. समोर दोन झाकलेल्या वाट्या होत्या. तिने उचललेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उजवी उचल गं, पेढाच आहे!" एक मावशी म्हणाल्या.

"आणि बर्फी निघाली तर काय परत ठेवायला लावणार, मावशी?"

हशा पिकला. सुनेने हात पुढे केला. डॉक्टरांनी तोच हात धरला, दंडावरची फुलांची वाकी सोडवली आणि यंत्राचा पट्टा गुंडाळला.

"अहो, भर कार्यात हे काय?" सासूबाई म्हणाल्या. शिष्यही ओशाळला.

पाऱ्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले, "शेठ, गाडी काढा. हिला आत्ताच इस्पितळात न्यायचंय."

"पण वाटी..." सासूबाई म्हणाल्या.

"वाटीतलं पुढे कळेलच. आईचा दाब असा चढला, की बाळाला जाणारं रक्त कमी पडू शकतं. तिच्याही जिवाला धोका असतो. अशा काही बाळांचा दाब जन्मतःच चढा आढळतो. आपण सगळे पोटाकडे बघत बसतो. बाळ मात्र आईच्या रक्तावर वाढत असतं. त्याची पहिली काळजी हिच्या दंडापाशी घ्यायची."

उपचार झाले, विश्रांती मिळाली. यथावकाश सून सुखरूप बाळंत झाली. बाळ झोपी गेल्यावर शिष्याने बोटाएवढा पट्टा त्याच्या चिमुकल्या दंडाला लावला आणि हसतच बाहेर आला.

व्यापारी धावले. "सुनेचा दाब?"

"आटोक्यात आहे."

"बाळाचा?"

"अगदी हवा तसा."

व्यापाऱ्यांनी हात जोडले आणि तडक मिठाईचे दुकान गाठले.

"पेढे देऊ की बर्फी?" हलवायाने विचारले.

व्यापारी थबकले. ते विचारायचेच राहून गेले होते.