कोपऱ्यातला सायलेन्सर

गाड्यांना कार्बोरेटर असायचे, त्या काळातली ही गोष्ट. सुदाम मिस्त्री आपली जुनी जीप घेऊन हौशी लोकांच्या शर्यतीत उतरणार होता. गाडी दणदणीत वाजावी म्हणून त्याने सायलेन्सर काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकला.

"सुटलो बाबा!" इंजिन गरजलं. "इतकी वर्षं माझं तोंड दाबलंस. आता बस तिथंच गंजत!"

"मी नुसता गोंगाट गिळायचो रे," सायलेन्सर म्हणाला. पण तोवर जीप निघून गेली होती.

शर्यतीत तिसऱ्या फेरीला इंजिनाचं एक बेअरिंग सैल झालं आणि आत टकटक सुरू झाली. "सुदाम, थांब! दुखतंय!" इंजिन ओरडलं. पण त्याच्याच गर्जनेत ती टकटक बुडून गेली. सुदाम खुशीत वेग वाढवत राहिला. पुढच्या वळणावर इंजिन कायमचं जाम झालं.

जीप ट्रॅक्टरने ओढून आणली. दोन दिवसांनी सुदामने इंजिन उतरवून सायलेन्सरशेजारी ठेवलं आणि दार लावून तो निघून गेला.

"मी खूप हाका मारल्या," इंजिन हळूच म्हणालं.

"पूर्वी तू जरासा कण्हलास तरी तो थांबून बॉनेट उघडायचा," सायलेन्सर म्हणाला.

एकट्या सायलेन्सरला सोबत हवी होती, पण अशी नको होती.