आधीच बांधलेली पुडी

एकदा एक वृद्ध वैद्य होते. रोग्याला समोर बसवायचे आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहायचे, ही त्यांची रीत. मग कुणी सुनेच्या तक्रारीपासून सुरुवात करून सावकाश दुखऱ्या गुडघ्यापर्यंत येवो, वैद्यबुवा मध्ये चकार शब्द बोलत नसत. घाईच्या माणसांना हे कंटाळवाणे वाटे, पण दुखणे आले की तीही त्यांच्याच दारी येत.

त्यांच्याकडे डोंगरातल्या एका गावची मुलगी शिकत होती. तिला नगरातल्या मोठ्या वैद्यशाळेत प्रवेश हवा होता. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख. तरीही गेल्या वर्षी मुलाखतीत तिला नाकारले गेले आणि कारण कुणी सांगितले नाही. यंदाची संधी शेवटची होती, कारण तिसऱ्यांदा तिथे कुणालाच उभे करीत नसत. तिच्या गावात वैद्य नव्हता. आजाऱ्याला डोलीत घालून घाट उतरावा लागे, आणि सगळेच आजारी काही घाट संपेपर्यंत तग धरत नसत. सारा गाव तिच्याकडे डोळे लावून बसला होता. त्या ओझ्याने पोर वाळत चालली होती.

मग तिने तयारीचा धडाका लावला. वैद्य का व्हायचे, रोगी औषध घेईना तर काय, दोघे आजारी आणि औषध एकालाच पुरेल तर काय, अशा हरेक प्रश्नाचे उत्तर तिने घोटून ठेवले. गुरुजी सरावाला बसले की त्यांचा प्रश्न अर्धा होतो न होतो तोच हिचे उत्तर सुरू! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातली गत. बाकीचे शिष्य वाहवा करीत. गुरुजी तेवढे गप्प राहत, आणि त्या गप्प राहण्याने तिचा जीव अधिकच टांगणीला लागे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिला घास गिळवेना. हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली. शेवटी ती गुरुजींपुढे जाऊन बसली.

"गुरुजी, सकाळपासून मला..."

गुरुजींनी शेजारच्या टोपलीतून एक पुडी उचलली आणि तिच्या हातावर ठेवली. "मधातून घे."

"पण गुरुजी, मी अजून सांगितलं कुठं..."

दुसरी पुडी आली. "ही कोमट पाण्यातून."

"अहो, ऐकून तरी घ्या..."

"ही उद्या उठल्यावर. ये आता."

गावभरच्या रडकथा ऐकणारे गुरुजी ते हेच का? अपमानाने तिचे डोळे भरून आले. तिने सगळ्या पुड्या त्यांच्यापुढे टाकल्या.

"वाटेवरच्या परक्या माणसाचं तुम्ही ऐकून घेता, आणि माझंच ऐकायला तुम्हाला सवड नाही? मला काय होतंय ते कळल्याशिवाय औषध देताच कसं?"

"औषध उत्तम आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "कालच बांधून ठेवलं होतं."

"काल? काल तर मला काही होतच नव्हतं!"

तिने त्या पुड्यांकडे पाहिले आणि तिचा राग हळूहळू ओसरू लागला.

"पोरी," गुरुजी म्हणाले, "पुड्या बांधून ठेवाव्यातच. फडताळ रिकामं ठेवून कुणी वैद्य होत नाही, आणि अभ्यासावाचून कुणी परीक्षेला बसू नये. पण पुडी केव्हा काढायची, हे समोरचा माणूस ठरवतो. आत्ता तुला जे वाटलं, तेच तुझ्यापुढे बसणाऱ्या परीक्षकाला वाटतं. उद्या तुझ्यापुढे रोगी बसेल, त्यालाही हेच वाटेल." मग त्यांनी डोळे मिटले. "आता सांग. सकाळपासून काय होतंय?"

तिने सांगितले. घाट, डोली, गावाची आशा, पुन्हा नापास होण्याची धास्ती, सगळे सांगितले. बोलणे संपले तेव्हा तिच्या हातांना ऊब आली होती. गुरुजींनी औषध काही दिले नाही.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षकांसमोर उभी राहिली. मुख्य परीक्षक वयोवृद्ध आणि दमेकरी होते.

"एका तरुण मुलाचा ताप उतरत नाही," ते म्हणाले आणि धाप लागून थांबले.

हाच तो गेल्या वर्षीचा प्रश्न! तेव्हा याच जागी तिने तापावरचे सगळे काढे घडाघडा म्हणून दाखवले होते. आताही उत्तर जिभेच्या टोकाशी आले. शांतता लांबत चालली. शेजारचा परीक्षक तिच्याकडे रोखून पाहू लागला. तरी तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

वृद्धाने श्वास घेतला. "...असं त्याची आई सांगते. मुलगा मात्र तोंड फिरवून बसलाय. तू आधी काय करशील?"

वर्षभर ज्या प्रश्नाने तिची झोप उडवली, तो तिने आज पहिल्यांदाच पुरता ऐकला.

"आईंना जरा बाहेर बसायला सांगेन," ती हळूच म्हणाली, "आणि त्याच्याजवळ बसेन. तो बोलेपर्यंत."

"आणि काढा?"

"कुठला द्यायचा ते त्याचं ऐकल्यावर कळेल."

वृद्ध परीक्षक प्रसन्न हसले. "गेल्या वर्षी हा प्रश्न मला पुरा करता आला नव्हता," असे म्हणून त्यांनी वैद्यशाळेतल्या शिष्यांच्या रांगेतले रिकामे आसन दाखवले. "बस तिथे."

मुलाखतीला निघालेल्यांनी उत्तरांच्या पुड्या जरूर न्याव्यात. समोरचा बोलायचा थांबेपर्यंत त्या सोडू नयेत, एवढेच.