तेव्हा खडूच होता

“चूक त्याची, आणि थांबवताय दोघांना? ह्यो कुठला न्याय, वस्ताद?”

कृष्णात एवढ्या जोरात ओरडला, की पलीकडचा ग्राइंडर आपोआप बंद झाला. पन्हाळी पत्र्याच्या त्या शेडात कधी शांतता नसते. आज झाली.

वस्तादांनी मान वर केली नाही. दोन गर्डरांच्या तोंडाशी एका लाकडी ठोकळ्यावर ते बसले होते. गुडघे पार गेलेले. उभं राहिलं की तोंडातून शिवी निघायची, म्हणून हल्ली बसूनच शिव्या द्यायचे.

बाबालाल मुल्लाणी हे त्यांचं नाव. ते फक्त आधारकार्डावर. बाकी सगळ्या कारखान्याला ते वस्ताद. ज्याच्या हातात गॅसकटर आहे त्याला तो त्यांनीच दिलेला, आणि ज्याच्या हातातून गेला त्याच्या हातातून तो त्यांनीच काढून घेतलेला.

लोकांना वाटतं पूल नदीवर बांधतात. डोंबल! पूल बांधतात शेडात. प्लेटी कापायच्या, जोडायच्या, पुरुषभर उंचीचे गर्डर करायचे, त्यांच्या टोकांना भोकं पाडायची. नदीवर नुसतं नेऊन टेकवायचं आणि बोल्ट आवळायचे. फीत कापायला येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. ठाऊक झालं तरी उपरण्याला ग्रीस लागेल म्हणून ते लांबूनच हात जोडतील.

नदीवर नेल्यावर बोल्ट बसला नाही तर मात्र कुणाच्या बापाला उपाय सापडत नाही. म्हणून ट्रकवर चढवायच्या आधी दोन गर्डर जमिनीवर तोंडाला तोंड लावून ठेवतात. सांध्यावर लोखंडी जोडपट्टी धरतात. अर्धी पट्टी ह्या गर्डरवर, अर्धी त्या. पट्टीतलं भोक गर्डरातल्या भोकावर आलं, बोल्ट हातानं आत गेला, की समजायचं पूल झाला.

आज बोल्ट जात नव्हता.

एक गर्डर कृष्णातच्या टोळीचा, दुसरा सर्जेरावच्या. कृष्णातच्या बाजूला बोल्ट लोण्यात बोट जावं तसे गेले. सर्जेरावच्या बाजूला भोकांची अख्खी रांग सूतभर सरकलेली. सूतभर म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढी. तेवढ्यानं पूल अडला.

“घण आणू? ठोकून घालू?” सर्जेराव आधी जमिनीकडे बघत म्हणाला होता. धिप्पाड गडी, तोंडात कायम तंबाखू. आज ती चघळायचीही विसरला होता.

“तुझ्या टकुऱ्यात घाल,” वस्ताद म्हणाले. “भोक फाटंल लेका, भोक! ठोकून घातलेला बोल्ट पुलावर किती दिवस राहील?”

मग दोघांकडे आळीपाळीनं बघून ते म्हणाले होते, “थांबवा दोगांचंबी नदीवर जाणं. कोण जायचं ते मागनं बघू.”

त्यावर कृष्णात भडकला होता.

कारण ह्या खेपेला नदीवर वस्ताद जाणार नव्हते. गुडघ्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या जागी मुख्य मिस्त्री म्हणून दुसरा कुणी तरी उभा राहणार होता, आणि तो आपणच, हे कृष्णातनं मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं. बायकोला सांगितलं होतं. सासऱ्यालासुद्धा सांगितलं होतं. सासऱ्याला सांगितलेली गोष्ट झाली नाही, तर माणसानं तोंड कुठं लपवायचं?

त्यानं कमरेचा टेप ओढून आपल्या गर्डरवर आपटला.

“लावा माप. लावा की! एक भोक जरी केसभर हललं असलं, तर हात तोडून तुमच्या म्होरं ठेवतो.”

“तुझं माप बरोबर हाय.”

“मग?”

“मग बोल्ट का जाईना?”

“त्याला इचारा! ज्यानं वाटोळं केलंय त्याला! मला काय इचारताय?”

“त्याला इचारलं. त्यो म्हंतो ठावं न्हाई.”

“त्याला कसं ठावं असंल?” कृष्णात हसला. असं हसू माणसाला एकदा येतं आणि जन्मभर पुरतं. “गॅसनं कापलेल्या कडंला लोखंडाचा ओघळ तसाच चिकटलेला. घासायचाबी कट्टाळा! ह्यानं टेपचं नाक त्या ओघळावर अडकवलं, आन् तिथनं मापं टाकत गेला. पहिलं भोक सूतभर म्होरं, म्हणून सगळीच म्होरं. आंधळ्याला दिसलं असतं.”

“तुला दिसलं?”

“दिसलं म्हंजे? आज दिसलं व्हय? आखणी केली त्याच दिवशी बघितलंय मी! टेप लावून!”

बोलून गेला.

क्रेनवाला वरच्या पिंजऱ्यातून वाकून खाली बघायला लागला…

वस्तादांनी आता मान वर केली.

“आखणीच्या दिवशी?”

कृष्णातनं गर्डरवर आपटलेला टेप उचलून कमरेला अडकवला.

“तवा भोकं पडली व्हती?”

“…न्हाई.”

“मग काय व्हतं तिथं?”

“आखलेलं व्हतं.”

“कशानं?”

“…खडूनं.”

वस्ताद उठले. गुडघ्यांनी कड्‌ असा आवाज केला, पण तोंडातून शिवी आली नाही. त्यांनी शेजारच्या पेटीवरून खडू उचलला, सर्जेरावच्या गर्डरवर एक रेघ ओढली आणि अंगठ्यानं पुसली. रेघ गेली.

मग त्यांनी कृष्णातचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड सांडशीसारखी. त्याचा अंगठा ओढत नेऊन सरकलेल्या भोकाच्या काठावर दाबला.

“पूस.”

“वस्ताद…”

“पूस की!”

भोकाची कड धारदार होती. अंगठ्याला रक्त आलं.

“पुसंना व्हय?” वस्ताद ओरडले. तो आवाज गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. “तवा थुंकी लावून पुसली असती रे भाडखाऊ! थुंकी! तुझी नसती तर माझी घेतली असतीस!”

सर्जेराव पुढं आला. एवढा वेळ चोरासारखा उभा होता, आता त्याचं तोंड लाल झालं होतं.

“त्या दिवशी तू क्लॅम्प मागायला आलतास,” तो म्हणाला. “माझ्या चंचीतली तंबाखू खाल्लीस. चुना मी मळून दिला. इकडं तंबाखू चघळत व्हतास आन् तिकडं… आरं, निदान थुकून तरी सांगायचंस!”

“तुझी मापं तपासणं माझं काम न्हाई.”

“मग टेप कशाला लावलास?”

कृष्णातनं रक्ताळलेला अंगठा विजारीला पुसला. खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. आज सगळ्यांसमोर हे असंच व्हावं, सर्जेरावचा बोल्ट अडावा आणि आपला लोण्यासारखा जावा, ह्याची तो त्या दिवसापासून वाट बघत होता. वाट बघणं फार गोड लागलं होतं.

“तू गप रं,” वस्तादांनी सर्जेरावलाही सोडलं नाही. “तू आंधळा हायसच. आंधळ्याला काठी देता येती. डोळस माणूस आंधळ्याला इहिरीकडं जाताना बघून कडंला बसतो, त्याला काय द्यायचं?”

“माझं काय चुकलं, ते तरी सांगा!” कृष्णातचा आवाज चिरकला. रागानं रडू यायला लागलं होतं आणि त्याचा त्याला आणखी राग येत होता. “चूक त्यानं केली. मी केलेलं सगळं बरोबर हाय. कापा त्याचं टोक आन् नवं लावा!”

“आन् एकदा तापून निवालेल्या टोकाला पुन्हा ताप द्यायचा? पूल हाय का पापड?” वस्ताद परत ठोकळ्यावर बसले. “गर्डर कुणाचाच कापायचा न्हाई. जोडपट्टी नवी करायची. ह्या बाजूची भोकं तुझ्या मापानं, त्या बाजूची सर्जाच्या मापानं. इंजिनेर साहेबांशी मी बोलतो. गणित बघून ते हो म्हणाले तर पट्टी तू करायचीस.”

“मी?”

“तू.”

“ड्रॉइंग सोडून? जाणूनबुजून चुकीची पट्टी? माझ्या हातानं?”

“तुझ्या हातानं.”

कृष्णातनं हातमोजे काढून जमिनीवर आपटले. एवढ्या वर्षांत त्यानं ड्रॉइंगच्या बाहेर एक ठिपका टाकला नव्हता. दुसऱ्या कारखान्यात त्याला आजही डोक्यावर घेऊन नाचले असते, आणि हे त्यानं तिथं उभ्या उभ्या दोनदा ऐकवलं. कुणी अडवलं नाही. तो गेटपर्यंत गेला. कुणी हाक मारली नाही.

गेटवरून त्यानं मागं वळून बघितलं. त्याचा गर्डर शेडात आलेल्या उन्हात चकाकत होता. एक मापसुद्धा न चुकलेला, सांध्याशी तोंड उघडं टाकून पडलेला. सर्जेरावच्या गर्डरशिवाय तो भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर घालायच्या लायकीचा होता, जास्त नाही.

त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही. आणि परत फिरला.

साहेब आले, त्यांनी गणित मांडलं, सही केली आणि कुणाचंही नाव न विचारता गेले. कृष्णातनं दात-ओठ खात प्लेट आखली. सर्जेराव आपल्या बाजूची मापं ओरडून सांगत होता, हा ती आखत होता. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हते.

मध्येच कृष्णातचा हात थांबला.

“ओघळ घासलास का आता?”

“घासला.”

“खरं सांग.”

“ये आन् बघून जा!”

तो गेला, बघून आला, आणि पुढची रेघ ओढली. ड्रिल फिरलं. लोखंडाचे काळे केस गोल गोल होऊन खाली पडत राहिले.

पट्टी सांध्यावर चढवली. पहिला बोल्ट कृष्णातनं आपल्या बाजूला घातला. गेला. दुसरा सर्जेरावनं त्याच्या बाजूला घातला. तोही गेला. मग सगळे गेले, हातानं, घणाला हात न लावता.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर वस्तादांनी बोल्ट फेकून मारला असता.

कृष्णात अंगठ्याला चिंधी गुंडाळत पुढं येऊन उभा राहिला. राग निवला नव्हता. नुसता काळा पडला होता.

“झालं तुमच्या मनासारखं. आता सांगा. नदीवर कोण?”

“दोघं.”

“मुख्य कोण?”

“वर सर्जा,” वस्ताद म्हणाले. “गर्डर क्रेनला लोंबकळत येईल. त्यो सांध्याच्या टोकावर बसून बोल्ट घालंल. वर बसलेल्याला त्याच्या म्होरलं भोक तेवढं दिसतं, मागनं काय येतंय ते दिसत न्हाई. ते दिसतं खालच्याला. थांब, सोड, डावीकडं घे… क्रेनला हाका खालनं मारायच्या. त्या तू मारायच्यास.”

“म्हंजे मी खाली? शिट्टी घेऊन?”

“शिट्टी घेऊन.”

“आन् ह्यो वर? ज्याला कड घासता येत न्हाई, त्यो वर?”

पण वस्ताद काही म्हणायच्या आत सर्जेरावच बिथरला. “न्हाई वस्ताद. मला न्हाई जमायचं. वारं सुटलेलं, खाली खडक, डोक्यावर तेवढं लोखंड… आन् माझा जीव ह्याच्या तोंडावर टांगायचा? ह्याच्या?”

“मग नगं जाऊस. घरी बस. बायकोच्या हाताखाली भांडी घास.”

सर्जेरावनं तोंडातली तंबाखू थुंकून टाकली.

“…जातो.”

आता सगळे कृष्णातकडे बघत होते. त्याला ते बघणं सहन होईना. सासरा आठवला, बायको आठवली. वर उभं राहून हात हलवणारा आपण, हे इतके दिवस डोळ्यांपुढं धरलेलं चित्र आठवलं. माणूस पुरता हरला, की त्याच्या तोंडातून सगळ्यात वाईट तेच बाहेर पडतं.

“आन् मी गप बसलो तर?” तो म्हणाला.

क्रेनवाल्यानं वरून “आई गं” म्हटलं.

वस्तादांनी कृष्णातकडे बघितलं. खूप वेळ… त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कृष्णातला तो असता तर बरं वाटलं असतं.

“तर सर्जा मरंल,” वस्ताद म्हणाले. “तुझं माप बरोबरच राहील.”